तरतुदीपासून पाण्यापर्यंत

नागपुरात डिसेंबर आल्याचे थंडीच्या आधी डांबरावरून कळते. विमानतळाकडून सिव्हिल लाइन्सकडे येणारे रस्ते रातोरात गुळगुळीत होतात, दुभाजकांवर नवा रंग चढतो, रविभवन, नागभवन आणि आमदार निवासाची वार्षिक रंगरंगोटी सुरू होते. १९५३ च्या नागपूर करारात ठरले म्हणून वर्षातून एकदा विधिमंडळ आमच्या गावी येते. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर मोर्चे अडतात, संत्रा बर्फीचा खप वाढतो आणि वर्तमानपत्रांची पहिली पाने मोर्च्यांच्या फोटोंनी भरतात. आतल्या कुठल्यातरी पानावर एक छोटी बातमी असते: अमुक हजार कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पात न धरलेल्या जादा खर्चाच्या मागण्या, सभागृहात मांडल्या.

ही बातमी मी मोर्च्यांच्या आधी वाचतो. माझी उभी नोकरी खासगी कंपनीच्या हिशेब खात्यात गेली, त्यामुळे ही खोड आहे. २०२५-२६ चेच घ्या. मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प मांडला गेला तो ७,००,०२० कोटींचा, आणि महसुली तूट ४५,८९१ कोटींची. जुलैत पावसाळी अधिवेशनात ५७,५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. डिसेंबरात नागपुरात आणखी ७५,२८६ कोटींच्या. दोन्हींची बेरीज मूळ अर्थसंकल्पाच्या जवळजवळ एकोणीस टक्के होते. यातला काही भाग नुसत्या जमाखर्चाच्या वळत्यांचा असतो, निव्वळ भार त्याहून कमी पडतो, हे मान्य. अतिवृष्टीत पिके बुडाली तर मदतीसाठी वर्षाच्या मध्ये पैसे काढावेच लागतात आणि घटनेने त्याची सोय केलेली आहे, हेही मान्य. पण अतिवृष्टी एका वर्षी होते आणि पुरवणी मागण्या दरवर्षी येतात. शेवटच्या दिवशी, ज्या खात्यांवर चर्चाच झाली नाही त्यांच्या मागण्या एकगठ्ठा मताला टाकून मंजूर होतात. त्याच दिवशी सरकारी खर्च तपासणाऱ्या 'कॅग'चा अहवाल पटलावर ठेवण्याचीही आपल्याकडे जुनी रीत आहे. म्हणजे आमदार बॅगा भरत असताना.

हे वाचून मला संताप येत नाही. संतापाचे वय गेले. मला फक्त कुतूहल उरले आहे की खर्च मंजूर होण्याच्या आणि तो खर्च माणसापर्यंत पोचण्याच्या मध्ये नेमके काय काय असते.

सरकारने पैसा खर्चच करू नये, बाजारावर सोडून द्यावे, या पंथाचा मी नाही. कारण माझ्या पगारपत्रकात आहे. आजही महाराष्ट्रात पगारदार माणसाच्या पगारातून दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो आणि फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००. घटनेनेच घातलेली ती कमाल मर्यादा आहे. माझ्या हाताखालच्या नव्या पोरांना ही कपात कशासाठी ते ठाऊक नसायचे. फेब्रुवारीत शंभर रुपये जास्त का, असे विचारत ते यायचे. हा कर १९७५ मध्ये आला तो रोजगार हमीसाठी. १९७२ च्या दुष्काळात गावेच्या गावे खडी फोडायला बसली होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी त्याच्या आधीपासून हा विचार धरला होता: मागेल त्याला काम, आणि ते देणे ही सरकारची जबाबदारी. १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. शहरातल्या कमावत्या माणसाने थोडे द्यायचे, सरकारने तेवढीच भर घालायची, आणि त्यातून खेड्यातल्या हाताला काम मिळायचे. मजुरांमध्ये बायकांची संख्या मोठी होती. पाझर तलाव झाले, बांधबंदिस्ती झाली, रस्ते झाले. काही रस्ते पुढच्या पावसात वाहूनही गेले, पण त्या हंगामात चूल पेटली. पुढे देशाने २००५ मध्ये जो रोजगार हमीचा कायदा केला त्याच्या मागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

आणि नंतर? केंद्राचा कायदा आल्यावर मजुरीचा बहुतेक भार केंद्राने उचलला. व्यवसाय कर मात्र थांबला नाही. माझे २०० रुपये जात राहिले. कशासाठी, हे सांगायला पगारपत्रकावर जागा नाही आणि सांगणाराही कोणी नाही. ज्या कामासाठी पैसे घेतले त्या कामाचे स्वरूप बदलले तर देणाऱ्याला तसे कळवावे, एवढा साधा शिष्टाचार खासगी कंपनीत न पाळणाऱ्या माणसाला आम्ही लेखापरीक्षणात उभा केला असता.

सरकारला हिशेब विचारा, ते उद्देश सांगते. पैसे कुठे गेले असे विचारले की पैसे किती चांगल्या कामासाठी होते याचे उत्तर मिळते. तुम्ही जलसंधारणाच्या विरोधात आहात का? महिलांच्या सक्षमीकरणाला तुमचा विरोध आहे का? शिवरायांच्या स्मारकाला? असे विचारल्यावर प्रश्न विचारणारा गप्प बसतो, कारण त्याचा विरोध यातल्या कशालाच नसतो. अरबी समुद्रातल्या स्मारकाचे जलपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झाले, तेव्हा खर्चाचा अंदाज ३,६०० कोटींचा सांगितला जात होता. समुद्रात पुतळा नाही. तरीही याविषयी बोलताना लोक आधी आपली भक्ती सिद्ध करतात आणि मग दबक्या आवाजात खर्चाकडे वळतात.

'उद्देशा'नंतरचा दुसरा शब्द 'तरतूद'. बातमीत तरतूद म्हणजे जणू पैसे दिलेच. प्रत्यक्षात अर्थसंकल्पात तरतूद होते, मग वित्त विभाग त्यातले काही टक्के वितरित करतो, उरलेले तिजोरी बघून. वितरित झालेले खात्याकडे जाते, तिथे प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश. तोवर जानेवारी उजाडतो. मग 'मार्च एंड'. ३१ मार्चच्या रात्री कोषागाराबाहेर बिलांच्या गठ्ठ्यांसकट थांबलेली माणसे हा आपल्या राज्यकारभारातला एक स्थायी देखावा आहे. पैसे परत जाऊ नयेत म्हणून ते काढून दुसऱ्या खात्यात ठेवायचे, कागदावर खर्च दाखवायचा, आणि उपयोगिता प्रमाणपत्र पुढे कधीतरी. लेखापरीक्षणाच्या अहवालांत हे वर्षानुवर्षे छापून येते. तरतूद म्हणजे वितरण नाही, वितरण म्हणजे खर्च नाही, खर्च म्हणजे काम नाही. आणि काम झाले तरी त्यातून पाणी येईलच असे नाही. पाणी म्हणतो ते शब्दशः. कारण आमच्या भागात हे सगळे शिकायला गोसीखुर्दइतकी चांगली शाळा नाही.

भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ वैनगंगेवर हे धरण आहे. १९८३ मध्ये त्याला प्रशासकीय मान्यता मिळाली तेव्हा किंमत होती ३७२ कोटी. एप्रिल १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झाले. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतली अडीच लाख हेक्टर जमीन भिजणार होती. हा सगळा धानाचा मुलूख. पाऊस वेळेवर आला तर रोवणी, नाही आला तर पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, जागेवर पिवळे पडतात. मामा तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांचे तलाव, होते म्हणून माणूस तग धरून होता. अशा मुलखाला कालव्याचे पाणी म्हणजे काय, हे पश्चिम महाराष्ट्रातल्या उसाच्या पट्ट्यात बसून कळत नाही.

पुढचा प्रवास 'सुप्रमां'चा. सुप्रमा म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. पाटबंधाऱ्याच्या कोणत्याही कचेरीत, कंत्राटदाराच्या कोणत्याही चहाच्या टपरीवर हा शब्द दिवसातून दहादा कानावर पडतो. 'सुप्रमा झाली का?' 'सुप्रमात अडकलंय.' पहिल्या सुप्रमेत ३७२ चे २,०९१ कोटी झाले. त्यापुढच्या सुप्रमेत ७,७७८ कोटी. मधल्या काळात, २००८-०९ मध्ये, केंद्राने राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा दिला आणि ९० टक्के निधीची हमी आली, तेव्हा वाटले की आता सुटलो. पुढे किंमत १८,४९४ कोटींवर गेली. तोही आकडा शेवटचा ठरला नाही.

इथे न्यायाने बोलायचे तर महागाई धरायला हवी. १९८३ चा रुपया आणि २०१६ चा रुपया एक नाही. ढोबळ मानाने भाव दहा-बारा पट झाले असे धरले तर ३७२ चे चार-साडेचार हजार कोटी होतात. जमिनीच्या मोबदल्याचे दर वाढले, २०१३ मध्ये प्रकल्पग्रस्तांसाठी सुमारे १,२०० कोटींचे विशेष पॅकेज द्यावे लागले. ते द्यायलाच हवे होते, उलट वीस वर्षे आधी द्यायला हवे होते. कामाची व्याप्तीही वाढली. हे सगळे घातले तरी १८ हजारांचा हिशेब बसत नाही. बसवायला गेले की उरतो तो वेळ. धरणाची भिंत उभी राहते आणि पुनर्वसन राहते, म्हणून पाणी अडवता येत नाही. पाणी अडवले तर कालवा अर्धवट. मुख्य कालवा होतो तर वितरिका नाहीत. वितरिका होतात तर पाटचाऱ्यांसाठी भूसंपादन अडते. आणि तोवर आधी केलेल्या कालव्याचे अस्तरीकरण उखडते. डाव्या कालव्याच्या कामाच्या दर्जावरून तर चौकश्या झाल्या, वडनेरे समिती, मेंढेगिरी समिती, पुढे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचे गुन्हे. चोरी झाली असेल तर ती न्यायालयात ठरेल. मला त्याहून जास्त खटकते ते हे की चार दशके चाललेल्या या कामात एकाही टप्प्यावर थांबून कोणी विचारले नाही: एवढ्या पैशांत आपण आधी कुठले दहा हजार हेक्टर पूर्ण भिजवू शकतो? भिंत, कालवा, वितरिका, पाटचारी, सगळे एका तुकड्यात पूर्ण करून मग पुढच्या तुकड्याला हात घालू. तसे झाले असते तर थोड्या गावांना लवकर पाणी मिळाले असते आणि बाकीच्यांनी बोंब मारली असती. बोंब कोणालाच नको असते. म्हणून सगळीकडे थोडे थोडे खोदायचे. प्रत्येक आमदाराच्या मतदारसंघात एक जेसीबी दिसला पाहिजे.

त्या बाजूला आमचे एक नातलग आहेत, नात्याने मामाजी. शेती धानाच्या बांध्यांची. सगळ्या सुप्रमा त्यांच्या डोळ्यांदेखत झाल्या. मागे लग्नाला भेटले तेव्हा मी विचारले, "काय मामाजी, पाणी आलं का?"

"आलं ना बाप्पा," ते म्हणाले, "ज्याच्या घरात यायचं नव्हतं त्याच्या घरात आलं. बांधीत यायचं रायलं."

आणि वरणभाताकडे वळले. पुढे त्यांनी त्यावर एक शब्द काढला नाही. त्यांच्या पिढीला सरकारविषयी तक्रार करायचीही सवय राहिलेली नाही. आता गोसीखुर्दचे पाणी काही भागांत पोचू लागले आहे, तिथे उन्हाळी धानही होऊ लागला आहे, हे सांगितलेच पाहिजे. धरण वाया गेले असे मी म्हणणार नाही. पण भूमिपूजनाच्या वर्षी जन्मलेला मुलगा आज स्वतः बाप झालेला आहे. बहुधा पुण्यात किंवा हैदराबादेत कुठल्यातरी गोदामात पाळी करतो. ज्या शेतीसाठी पाणी आणायचे होते ती करायला तो घरी नाही. हा खर्च कुठल्या सुप्रमेत धरायचा?

गोसीखुर्द एकटे असते तर अपवाद म्हणून सोडून दिले असते. २०१२ मध्ये राज्याच्याच आर्थिक पाहणी अहवालातून जे निघाले ते आठवते का? दहा वर्षांत सिंचनावर सुमारे ७० हजार कोटी खर्च झाले आणि सिंचित क्षेत्राची टक्केवारी वाढली ०.१ ने. विजय पांढरे हे मुख्य अभियंता त्याविषयी लिहीत होते, विदर्भातल्या ३८ प्रकल्पांच्या किमती २००९ मध्ये काही महिन्यांत सुमारे २० हजार कोटींनी फुगल्याच्या बातम्या येत होत्या. उपमुख्यमंत्री अजित पवारांचा राजीनामा झाला, श्वेतपत्रिका निघाली, काही आठवड्यांत ते मंत्रिमंडळात परतले. श्वेतपत्रिकेने सांगितले की वाढ ०.१ नव्हे, ५.१७ टक्के आहे. मग माधव चितळे यांची समिती. यात सगळ्यांनी भ्रष्टाचारावर वाद घातला. पण मला, म्हणजे हिशेबनिसाला, धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. एका सरकारच्या दोन कागदांत, काही महिन्यांच्या अंतराने, एकाच गोष्टीचे आकडे पन्नास पटीने वेगळे कसे? ७० हजार कोटी खर्च करणाऱ्या राज्याला किती जमीन भिजली हे नीट माहीत नव्हते. आणि यावर उपाय काय निघाला, तर पुढे अनेक वर्षे आर्थिक पाहणीतल्या त्या रकान्यात 'उपलब्ध नाही' असे छापून येऊ लागले. आकडा चुकतो म्हणून आकडाच काढून टाकला. हे मात्र मी नोकरीत कोणाला सुचवले असते तर त्याच दिवशी घरी आलो असतो.

जलयुक्त शिवारचेही तेच. डिसेंबर २०१४ ला सुरू झाले, ९,६३३ कोटी खर्च झाले, २०२० मध्ये कॅगने म्हटले की भूजलावर फारसा परिणाम दिसत नाही. सरकार बदलले, चौकशी लागली. पुन्हा सरकार बदलले, 'जलयुक्त शिवार २.०' आले. पहिल्यात काय चुकले ते कळून दुसरे आखले असते तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. माझा अंदाज असा की काही गावांत ते फार चांगले झाले आणि काही गावांत नाले नुसते खोल-रुंद करून ठेवले. कुठली गावे पहिली आणि कुठली दुसरी, एवढे कळले असते तरी ९,६३३ कोटी शिकवणीची फी म्हणून वसूल झाले असते.

मुंबईकरांना हे सगळे 'तुमच्याकडचे' वाटते म्हणून मोनोरेलचे नाव काढतो. सुमारे २,७०० कोटी, साडेएकोणीस किलोमीटर, २०१४ मध्ये पहिला टप्पा, २०१९ मध्ये दुसरा, दिवसाला कसेबसे अठरा हजार प्रवासी, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सुधारणांसाठी सेवा बंद. लोकलच्या एकाच गाडीत गर्दीच्या वेळी चार-पाच हजार माणसे असतात. पुढे बोलत नाही.

आता आमच्याच शहराकडे बोट. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून वाहत कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेला मिळते, आणि ते पाणी गोसीखुर्दच्या जलाशयात साचते. काठच्या गावांना वास, जलपर्णी, त्वचेचे आजार. म्हणजे ज्या धरणावर हजारो कोटी खर्च झाले त्यात आम्ही नागपूरकर रोज आपली न्हाणीघरे रिकामी करतो आणि डिसेंबरात विदर्भाच्या अनुशेषावर गहिवरून बोलतो. नाग नदीच्या शुद्धीकरणाचा सुमारे १,९२७ कोटींचा प्रकल्प मंजूर आहे. डिसेंबर २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याची पायाभरणीही झाली. त्याच दौऱ्यात समृद्धी महामार्गाच्या नागपूर-शिर्डी टप्प्याचे उद्घाटन झाले. समृद्धी पुढे जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला. दोन्ही प्रकल्प एकाच राज्यातले. एक झाला आणि एकाची अजून वाट बघतोय. म्हणून 'सरकारला काही जमतच नाही' हे वाक्य मला आळशी वाटते. जमते. कुठे जमवायचे हे ठरलेले असते. रस्त्यावरून मोटारी जातात, आणि मोटारीत ठरवणारी माणसे बसतात. नाल्याच्या खालच्या टोकाला ठरवणारे कोणी राहत नाही.

या सगळ्याच्या उजेडात मी लाडकी बहीण योजनेकडे बघतो, आणि इथे माझे माझ्याच वर्गाशी भांडण होते. जून २०२४ च्या अतिरिक्त अर्थसंकल्पात ती जाहीर झाली, दरमहा १,५०० रुपये, वर्षाला ४६ हजार कोटींचा अंदाज, आणि नोव्हेंबरात निवडणूक. आमच्या मॉर्निंग वॉकच्या मंडळींत 'रेवड्या' हा शब्द तेव्हापासून रोज वाटला जातो. यातल्या अर्ध्यांची पेन्शन सरकारी आहे, पण ते असो. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंना मी विचारले तर म्हणाल्या, "काका, बाकीच्या योजनांचं बोर्डावर वाचते. हे पैसे मोबाइलवर दिसतात." त्यांना अर्थशास्त्र शिकवायची मला गरज वाटली नाही. तरतुदीपासून माणसापर्यंतचे ते सगळे टप्पे या एका योजनेने ओलांडले. ना निविदा, ना सुप्रमा, ना अस्तरीकरण. चाळीस वर्षे कालव्याची वाट पाहिलेल्या मुलखात रोख पैशाला मत मिळते यात नवल कसले? माझ्या मते ही योजना म्हणजे राज्यसंस्थेने दिलेली कबुली आहे: कालवा, दवाखाना, शाळा हे आमच्याने वेळेत होत नाही, हे घ्या पैसे, तुमचे तुम्ही बघा.

पण हिशेबनीस म्हणून दुसरी बाजूही मांडतो. ४६ हजारांचे पुढच्या वर्षी ३६ हजार कोटी झाले. घाईघाईत सगळ्यांना घेतले आणि निवडणूक झाल्यावर पडताळणी सुरू केली, तेव्हा सुमारे २६ लाख लाभार्थी अपात्र असल्याचे सांगितले गेले. त्यांत हजारो पुरुषही निघाले. निवडणुकीआधी जी छाननी 'लाभ नाकारण्याचे कारस्थान' ठरली असती ती निवडणुकीनंतर 'आर्थिक शिस्त' झाली. २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागाचा निधी इकडे वळवल्यावरून खुद्द मंत्र्यानेच जाहीर नाराजी व्यक्त केली. म्हणजे आश्रमशाळेतल्या मुलीच्या वाट्याचे तिच्याच आईच्या खात्यात जमा. आनंदाचा शिधा बंद पडला. कंत्राटदारांची बिले थकली म्हणून तेही रस्त्यावर आले. या साखळीत शेवटी पुन्हा कालवाच लांबणार, आणि कालवा लांबला की पुढची रोख योजना आणखी लाडकी होणार. या चक्रातून बाहेर कसे पडायचे ते मला सुचत नाही. १,५०० रुपये बंद करा असे मी तरी त्या ताईंच्या तोंडावर म्हणणार नाही.

मित्र विचारतात की एवढे वाचून करतोस काय. फार काही नाही. आमच्या गल्लीचा रस्ता एकदा झाला, मग केबलसाठी खोदला, पुन्हा झाला, मग नळासाठी खोदला. तेव्हा मी माहिती अधिकारात एका कचेरीला विचारले होते की दोन्ही कामांच्या तारखा रस्ता करण्याआधी कोणाला माहीत होत्या का. उत्तर आले: 'सदर कामांचा उद्देश नागरिकांना मूलभूत सुविधा पुरविणे हा आहे.' ते उत्तर मी फाइलला लावून ठेवले आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत हवा. प्रकल्प अहवालाला शब्दमर्यादा नाही, शंकेला आहे. सुरुवातीला याचा राग यायचा. हळूहळू लक्षात आले की १५० शब्दांत उद्देशाला जागाच राहत नाही, नेमके विचारावे लागते.

सध्या डोक्यात एकच विषय आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला मान्यता दिली. किंमत ८८,५७५ कोटी. गोसीखुर्दचे पाणी ४२६ किलोमीटरच्या कालव्याने नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला असे करत बुलडाण्यापर्यंत न्यायचे आणि ३ लाख ७१ हजार हेक्टर भिजवायचे. उद्देशाला कोण नाही म्हणेल? पश्चिम विदर्भातल्या कापसाच्या शेतकऱ्याला पाण्याची गरज नाही असे म्हणणारा माणूस वेडाच. पण गोसीखुर्दच्या स्वतःच्या अडीच लाख हेक्टरांचे कालवे, वितरिका आणि पाटचाऱ्या पूर्ण झालेल्या नसताना त्याच धरणातून पुढच्या सहा जिल्ह्यांचा हिशेब मांडला आहे. त्या हिशेबात भंडारा-चंद्रपूरची धानाची शेती पूर्ण भिजते असे धरून उरलेले पाणी मोजले आहे, की आज जेवढी भिजते तेवढीच भिजत राहणार असे धरून? पहिले धरले असेल तर त्या अडीच लाख हेक्टरांसाठी वर्षवार निधी कुठल्या पुस्तकात, कुठल्या शीर्षाखाली आहे? दुसरे धरले असेल तर ते मामाजींना कोणी, कधी आणि लेखी कळवले?

एवढे मी कागदावर उतरवून काढले आहे. १४० च्या आत बसले. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट तेवढे आणायचे राहिले आहे.